उसन्या गळ्याची गाणी

१९८१ सालच्या डिसेंबर महिन्यात, ऐन नाताळच्या हंगामात, अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत 'पेनीज फ्रॉम हेवन' नावाचा एक संगीतपट लागला. नाव गोड आणि अर्थ त्याहून गोड : स्वर्गातून बरसणारी चिल्लर. नायक होता स्टीव्ह मार्टिन. डोक्यातून आरपार बाण गेल्याचे सोंग करून रंगमंचावर धुमाकूळ घालणारा, दोनच वर्षांपूर्वी 'द जर्क'मध्ये वेड्याबावळ्याची भूमिका करून तिकीटबारी गाजवणारा हा विनोदवीर. तो आता नाचणार आणि गाणार म्हटल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून पाहण्याजोगे काहीतरी असणार, अशा समजुतीने लोक आले. त्यांना पाहायला मिळाली ती एका खोटारड्या, बाहेरख्याली विक्रेत्याची गोष्ट, आणि तीही फाशीच्या तख्तापर्यंत जाणारी! लोक चक्रावले, काही चिडले, आणि घरी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे सांगायचे ते त्यांनी सांगितले. सुमारे दोन कोटी वीस लाख डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाला अमेरिकेत एक कोटी डॉलरचाही गल्ला जमवता आला नाही.

पडलेले चित्रपट पुष्कळ असतात आणि त्यातले बहुतेक पडण्याच्याच लायकीचे असतात. प्रत्येक पडलेल्या चित्रपटाच्या आत एक दुर्लक्षित महान कलाकृती दडलेली आहे, असे मानणारा समीक्षकांचा एक संप्रदाय आहे. प्रस्तुत लेखक त्यातला नव्हे. पण 'पेनीज फ्रॉम हेवन'ची गोष्ट वेगळी आहे. चार दशके उलटून गेल्यावर हा चित्रपट पाहताना जाणवते की प्रेक्षकांना तो कळला नाही असे नाही, तो त्यांना नको होता. का नको होता, हा प्रश्न मोठा रंजक आहे. आणि आपल्यासारख्या, सिनेमातल्या गाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या प्रेक्षकांना तर तो अधिकच जवळचा वाटावा.

गोष्ट घडते शिकागोत, १९३४ साली. महामंदीचा काळ. आदल्याच वर्षी अमेरिकेत दर चार कामगारांमागे साधारण एक जण बेकार होता. आर्थर पार्कर हा गाण्यांच्या छापील प्रती विकणारा फिरता विक्रेता. हा धंदा आता विस्मृतीत गेला आहे, म्हणून थोडे सांगायला हवे. घरोघरी रेडिओ आणि ग्रामोफोन पोचण्यापूर्वी गाणे 'खपायचे' ते कागदावर. शब्द आणि स्वरलिपी छापलेली चार पानांची घडी दुकानातून विकत घ्यायची, घरच्या पियानोवर ठेवायची आणि कुणीतरी वाजवायचे, बाकीच्यांनी गायचे. आर्थरसारखे विक्रेते या घड्यांची बॅग घेऊन गावोगावच्या दुकानदारांच्या पायऱ्या झिजवत. १९३४ पर्यंत या धंद्याला घरघर लागलेली होती. आर्थरच्या डोक्यात मात्र वेगळेच खूळ आहे. त्याला स्वतःचे रेकॉर्डचे दुकान काढायचे आहे. गंमत अशी की ज्या काळात त्याला हे सुचते त्या काळात रेकॉर्डचा धंदाही बुडाला होता. अमेरिकेत १९२७ मध्ये दहा कोटींच्या घरात खपणाऱ्या ध्वनिमुद्रिका १९३२ मध्ये साठ लाखांवर आल्या होत्या. म्हणजे बँकेचा अधिकारी जेव्हा आर्थरला कर्ज नाकारतो, तेव्हा तो अगदी शहाण्यासारखा वागत असतो. चित्रपट हे आपल्याला आकडे देऊन सांगत नाही. पण ते माहीत असले म्हणजे आर्थरच्या आशेचा वेडेपणा पुरेपूर लक्षात येतो.

आणि मग बँकेतच ती जादू घडते. नकार ऐकून आर्थर ओशाळून उभा आहे. पुढच्या क्षणी दिवे उजळतात, तोच अधिकारी गळ्यात गळा घालून नाचू लागतो, बँक एक झळझळीत रंगमंच होते, नाचणाऱ्या मुलींच्या रांगा सरकतात, कॅमेरा वरून त्यांची फुले आणि चक्रे न्याहाळतो. गाणे संपते. अधिकारी आपल्या खुर्चीत, आर्थर आपल्या जागी, नकार नकाराच्या जागी. तिथून पुढे चित्रपटभर हेच घडत राहते. आयुष्य दार लावते, आणि दार लागले की आत कुठेतरी तबकडी फिरू लागते.

तबकडी, हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. कारण या चित्रपटात नट गात नाहीत. ते १९२०-३० च्या दशकांतल्या खऱ्याखुऱ्या, जुन्या ध्वनिमुद्रिकांवर ओठ हलवतात. ध्वनिमुद्रिकांचा तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज तसाच ठेवलेला आहे. चित्रपटातले पहिलेच गाणे घ्या. सकाळची वेळ, बायकोने तोंड फिरवलेले, आणि हिरमुसलेला आर्थर आरशासमोर जाणारा. तो तोंड उघडतो आणि त्याच्या मुखातून निघतो कॉनी बॉसवेल या गायिकेचा बाईचा आवाज! चित्रपटगृहातल्या अमेरिकन प्रेक्षकांना इथेच पहिला धक्का बसला. हसावे की कसे, कळेना. विडंबन म्हणावे, तर नटाच्या चेहऱ्यावर थट्टेची रेषही नाही.

आपल्याला यात चमत्कारिक काय वाटणार? दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवणाऱ्या नटांवर तर आपण जीव ओवाळून टाकला. आर्थर पार्करची गोष्ट १९३४ ची, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायनाचा प्रयोग केला. तोवर ज्याला गाता येई तोच पडद्यावर गाई. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळे पालटले. १९४९ च्या 'महल'च्या रेकॉर्डवर लता मंगेशकरांऐवजी 'कामिनी' या पात्राचे नाव छापले होते, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मात्र पडद्यामागचा गळा आपल्याकडे पडद्यावरच्या चेहऱ्याइतकाच, कधी कधी त्याहूनही मोठा झाला. आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, हे आपण उघड्या डोळ्यांनी मान्य केले. त्यात आपल्याला फसवणूक दिसली नाही. हॉलिवूडमध्ये उसना गळा ही झाकून ठेवण्याची गोष्ट होती. 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडसाठी आणि 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नसाठी मार्नी निक्सन गायली, पण श्रेयनामावलीत तिला जागा नव्हती. अशा प्रेक्षकाच्या समोर उसना आवाज उघडपणे, त्याच्या उसनेपणासकट आणून ठेवला, तेव्हा तो बिचकला यात नवल नाही.

बाईच्या आवाजात गाणाऱ्या पुरुषाचे म्हणाल, तर ज्या मराठी माणसाच्या आजोबांनी बालगंधर्वांना शालू नेसून उभे राहिलेले पाहिले आणि डोळे पुसले, त्याला त्याची काय मातब्बरी!

ही कल्पना मुळात डेनिस पॉटर या इंग्रज लेखकाची. इंग्लंडच्या फॉरेस्ट ऑफ डीन भागात, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याच्या घरात १९३५ साली तो जन्मला. तरुणपणीच त्याला सोरायसिसने असे गाठले की कातडी सोलवटून निघे आणि सांधे आखडत. पुढे पुढे तर वाकड्या झालेल्या मुठीत पेन बांधून तो लिहीत असे. १९७८ मध्ये बीबीसीने त्याची 'पेनीज फ्रॉम हेवन' ही सहा भागांची मालिका दाखवली. तीत आर्थर झाला होता बॉब हॉस्किन्स. गोष्ट इंग्लंडात घडत होती, आणि ती अफाट गाजली. तीच गोष्ट पॉटरने स्वतः शिकागोला नेली आणि पटकथा लिहिली. चित्रपटाचे हक्क घेताना एमजीएम कंपनीने मूळ मालिका पुन्हा दाखवण्यावर बंदी घातली. त्यामुळे इंग्रज प्रेक्षकांना ती थेट १९९० मध्ये पुन्हा दिसली. मधल्या काळात दोघांची शेजारी शेजारी तुलना करायची सोयच उरली नाही, आणि आठवणीतली मालिका अर्थातच दरवर्षी अधिकाधिक थोर होत गेली.

पॉटरला या बाजारू गाण्यांबद्दल नेमके काय वाटत होते? सगळ्या चित्रपटाची किल्ली तिथे आहे. तो त्यांची टर उडवत नव्हता. १९९४ मध्ये, कर्करोगाने मरणाच्या दारात असताना, मेल्विन ब्रॅगला दिलेल्या मुलाखतीतही त्याने या स्वस्त गाण्यांचे नाते बायबलातल्या स्तोत्रांशी जोडले होते. जग आहे त्यापेक्षा निराळे असू शकते, एवढेच दोन्ही सांगतात, असा त्याचा भाव. आर्थर हा लबाड माणूस आहे. बायकोशी खोटे बोलतो, प्रेयसीशी खोटे बोलतो, स्वतःशी तर अखंड खोटे बोलतो. पण गाण्यांवरचा त्याचा विश्वास मात्र खरा आहे. गाण्यात सांगितलेली जागा कुठेतरी असलीच पाहिजे, नाहीतर इतक्या लोकांनी ती गाणी का लिहिली असती, असा त्याचा बालिश पण बिनतोड सवाल आहे. बोलायला त्याच्याजवळ शब्द नाहीत. शिक्षण नाही, वकूब नाही. म्हणून तो दुसऱ्याचा गळा उसना घेतो. आपण नाही का, घरातल्या एखाद्या दुःखाच्या प्रसंगी, स्वतः काही बोलता येत नाही तेव्हा एखादे जुने गाणे गुणगुणतो?

चित्रपट एवढ्यावर थांबला असता तर गोड झाला असता आणि कदाचित चाललाही असता. पण त्याला पुढचा हिशेबही मांडायचा आहे. आर्थरच्या स्वप्नाचा खर्च कोण भरते?

गॅलीना नावाच्या छोट्या गावात आयलीन नावाची एक लाजाळू शाळामास्तरीण आहे. बर्नाडेट पीटर्सने ही भूमिका केली आणि तिला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळाले. (चित्रपटाच्या वाट्याला आलेला हा मोठा मान, ऑस्करला पटकथा, वेशभूषा आणि ध्वनी अशी तीन नामांकने होती, पुतळा एकही नाही.) आयलीनच्या वर्गातले गाणे हे सगळ्या चित्रपटातले सर्वांत लोभस गाणे. कळकट वर्ग एकदम पांढराशुभ्र होतो, पोरे इवल्या इवल्या पांढऱ्या पियानोंवर बसतात आणि ही अबोल बाई चंदेरी पोशाखात नाचू लागते. पाहताना चेहऱ्यावर हसू येते. मग आर्थर तिच्या आयुष्यात येतो, लग्न झाल्याचे लपवतो, आणि निघून जातो. तिला दिवस जातात. नोकरी जाते. त्या काळात अविवाहित शिक्षिकेला गाव दुसरे काय देणार? ती शिकागोला येते, उपाशी राहते आणि एका दारूच्या अड्ड्यात टॉम नावाच्या दलालाच्या तावडीत सापडते.

हा टॉम म्हणजे ख्रिस्तोफर वॉकेन. 'द डिअर हंटर'मधल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलेला हा नट लहानपणापासून नाचात मुरलेला आहे, हे तोवर फारच थोड्यांना माहीत होते. बारच्या फळीवर चढून त्याने केलेला टॅप-नाच चार मिनिटांत संपतो. पण पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो, कारण नाच इतका सुरेख आणि माणूस इतका विषारी. इथे दिग्दर्शक हर्बर्ट रॉस यांना दाद द्यावी लागते. ते स्वतः मूळचे नृत्यदिग्दर्शक. त्यांनी वाईट माणसाला वाईट नाच दिला नाही. मोहात पडणाऱ्याला मोह सुंदरच दिसतो, हे त्यांनी ओळखले. आयलीन त्या रात्रीनंतर शरीरविक्रय करू लागते. आर्थरने ऐकलेल्या गाण्यांची किंमत तिने चुकवलेली असते, आणि आपल्याला ते कळते तेव्हा मघाच्या पांढऱ्या पियानोंकडे पाहून हसलो होतो हे आठवून बरे वाटत नाही.

असाच एक दुसरा माणूस आहे : रस्त्यावर अॅकॉर्डियन वाजवून भीक मागणारा, अडखळत बोलणारा, वेडसर. व्हर्नेल बॅनरिस या नटाने तो केला आहे. आर्थर त्याला गाडीतून नेतो, खानावळीत जेवू घालतो. आणि मग शीर्षकगीत येते ते नायकाच्या नव्हे, या भिकाऱ्याच्या वाट्याला. मागे मंदीतल्या खंगलेल्या चेहऱ्यांची मोठमोठी छायाचित्रे, वरून सोनेरी नाण्यांचा पाऊस, आणि मध्ये हा फाटका माणूस हात पसरून, जणू हवेत तरंगत नाचतो आहे. एवढे करुण आणि एवढे देखणे नृत्य मी तरी संगीतपटात दुसरे पाहिलेले नाही. पुढे हाच माणूस एका आंधळ्या मुलीचा जीव घेतो. तिच्याशी दोन शब्द बोललेल्या आर्थरवर संशय येतो. फाशी होते ती आर्थरला.

इथे एक सांगितले पाहिजे. चित्रपट लागला तेव्हा अनेकांनी, विशेषतः जुन्या संगीतपटांच्या चाहत्यांनी, आरोप केला की या लोकांनी तीसच्या दशकातल्या निरागस, आनंदी चित्रपटांवर चिखलफेक केली. पण ते चित्रपट खरोखर तितके निरागस होते का? १९३३ चा 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' काढून पाहा. बस्बी बर्कलीने बसवलेले नाच त्यात आहेत. सुरुवातीलाच नाण्यांचे पोशाख घातलेल्या मुली पैशाचे गाणे गातात, आणि गाणे रंगात आले असतानाच देणी थकल्यामुळे जप्तीवाले येऊन कपडेपट उचलून नेतात! शेवटच्या गाण्यात महायुद्धातून परतलेले, बेकार झालेले सैनिक रांगा लावून उभे आहेत. म्हणजे गाण्यातून मंदी दाखवण्याचे काम मंदीतच झाले होते. 'पेनीज'ने परंपरा मोडली नाही, पन्नास वर्षांनी तिचा धागा पुन्हा हाती घेतला. लोक त्या चित्रपटांतली चमचम आठवत होते आणि जप्ती विसरले होते.

चित्रपट दिसतोही विलक्षण. छायालेखक गॉर्डन विलिस, म्हणजे 'गॉडफादर'चा अंधार ज्यांनी टिपला तेच. दृश्यरचनेत केन अॅडम, म्हणजे बाँडपटांतले अजस्र महाल आणि 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'ची युद्धखोली उभी करणारे. या मंडळींनी एडवर्ड हॉपर या चित्रकाराची चित्रे पडद्यावर अक्षरशः जिवंत केली. मध्यरात्रीच्या खानावळीत काचेमागे बसलेली एकाकी माणसे असलेले त्याचे 'नाइटहॉक्स' हे चित्र पुष्कळांनी कॅलेंडरांवर पाहिले असेल. ते इथे जसेच्या तसे दिसते. चित्र १९४२ चे, कथा १९३४ ची. शीर्षकगीतदेखील १९३६ सालच्या एका चित्रपटातले. काटेकोर माणूस यावर बोट ठेवील. पण इतिहासाची उजळणी हा इथला हेतूच नाही. मंदी लोकांच्या मनात ज्या चित्रांच्या आणि गाण्यांच्या रूपाने उरली, ती चित्रपटवाल्यांनी वेचली आहेत.

सगळ्यात धाडसी प्रसंग आहे तो चित्रपटगृहातला. पळून चाललेले आर्थर आणि आयलीन फ्रेड अॅस्टेअर-जिंजर रॉजर्सचा 'फॉलो द फ्लीट' पाहत बसलेले आहेत. आर्थर उठून पडद्यापुढे जातो, आयलीन त्याच्या मागोमाग, आणि बघता बघता दोघे काळ्या-पांढऱ्या चित्रात शिरून अॅस्टेअरचे नृत्य नाचू लागतात. मार्टिनने यासाठी महिनोन्‌महिने टॅप-नाच शिकण्यात घाम गाळला होता. तो अॅस्टेअर होत नाही, होणे शक्य नाही. आणि बरोबर तेवढी उणीव त्या दृश्यात हवी होती. मग काठ्या घेतलेले नर्तक त्यांच्याभोवती उभे राहतात आणि काठ्यांचे पाहता पाहता तुरुंगाचे गज होतात. खुद्द अॅस्टेअर तेव्हा हयात होते. त्यांना हा चित्रपट मुळीच आवडला नाही आणि त्यांनी ते लपवलेही नाही. त्यांचा राग समजू शकतो. आयुष्यभर घासूनपुसून लख्ख केलेली वस्तू कुणीतरी काळोख्या खोलीत नेऊन ठेवली, असे त्यांना वाटले असणार. पण त्या दोन भणंग जिवांना शेवटचा आसरा म्हणून जगातली जी सर्वांत सुंदर गोष्ट आठवली ती अॅस्टेअरचा नाच होती, याहून मोठी सलामी कोणती, हेही त्यांच्या लक्षात यायला हवे होते असे राहून राहून वाटते.

चित्रपट का पडला याची आणखीही कारणे आहेत. रेगन नुकतेच अध्यक्ष झाले होते, देश पुन्हा आशावादी व्हायचे म्हणत होता, आणि दुसरीकडे मंदी दाराशी आलेली होती. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. अशा वेळी मंदीतल्या माणसाला फासावर चढताना पाहायला कोण जाईल? त्यात स्टीव्ह मार्टिन. विनोदी नटाने रडवले तर प्रेक्षक त्याला क्षमा करत नाही, हा अनुभव आपल्यालाही आहे. १९९२ मध्ये जब्बार पटेल यांनी 'एक होता विदूषक' काढला. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, ना. धों. महानोरांची गाणी, आनंद मोडक यांचे संगीत आणि सोंगाड्याच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण लक्ष्याला हसण्यासाठी रांगा लावणारा प्रेक्षक आबुरावचे दुःख पाहायला तितकासा फिरकला नाही. बेर्डे २००४ मध्ये गेले, आणि आता जो तो त्या भूमिकेची आठवण काढतो. योगायोग पाहा : १९७८ मध्ये, पॉटरची मालिका लंडनला दिसली त्याच वर्षी, पुलं आणि जब्बार पटेल पुण्यात ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' करत होते. गोड चालीत कडू गोष्ट सांगण्याची ती खोड तिकडे होती तशी इकडेही होती.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. सहा भागांची मालिका १०८ मिनिटांत बसवताना बरेच काही चेपले गेले. आर्थरची बायको जोन हिच्यावर तर उघड अन्याय झाला आहे. वडिलांनी ठेवलेले पैसे बेभरवशाच्या दुकानात घालू नयेत, एवढे शहाणपण दाखवणाऱ्या बाईला पटकथेने थंड आणि कर्मठ ठरवून टाकले. शेवटी ती नवऱ्यासाठी पैसे काढून देते, दुकान निघते, चालत नाही. म्हणजे खरी ठरली तीच. जेसिका हार्परने मिळालेल्या थोड्या जागेत तिची घुसमट दाखवली, पण ती नटीची कमाई आहे, लेखकाची नाही. आंधळ्या मुलीचे पात्रही माणूस कमी आणि प्रतीक जास्त. आणि सगळा डौल इतका नेटका आहे की अधूनमधून काचेमागून पाहत असल्यासारखे होते. मार्टिन थंड वाटतो, असा त्या वेळचा आक्षेप होता; तो मात्र मला पटत नाही. या माणसाच्या आत काही नाही, जे आहे ते सगळे गाण्यांतून आलेले आहे, हेच त्याच्या त्या कोऱ्या, उत्सुक चेहऱ्यातून दिसते.

पोलीन केलसारख्या जाणत्या समीक्षिकेने पहिल्याच वेळी 'न्यू यॉर्कर'मध्ये त्याची मनापासून वाखाणणी केली होती. बाकीच्यांना उशीर लागला. १९९७ मध्ये फ्रान्सच्या आलँ रेने यांनी पात्रांच्या तोंडी जुन्या ध्वनिमुद्रिका घालून एक आख्खा चित्रपट केला, तो पॉटरच्या स्मृतीला अर्पण केला, आणि तो तिथे लोकांनी डोक्यावर घेतला. २००२ मध्ये 'शिकागो' आला. तुरुंगातली नायिका, खून, आणि गाणी सगळी तिच्या मनातल्या रंगमंचावर. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. 'पेनीज'ने वाट पाडली आणि काटे त्याच्या पायात गेले, असे म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की 'शिकागो'तली माणसे आपल्याला शेवटपर्यंत मजेत ठेवतात. आर्थर तसे ठेवत नाही.

फाशीच्या तख्तावर उभा असताना आर्थर शेवटचे दोन शब्द म्हणून शीर्षकगीतच बोलतो. गात नाही, बोलतो. चित्रपटात पहिल्यांदाच गाण्याचे शब्द त्याच्या स्वतःच्या गळ्यातून येतात, संगीताविना, धापा टाकत. आणि त्यानंतर तो पुन्हा आयलीनसमोर हजर होतो आणि तिला सांगतो की एवढे सगळे सोसल्यावर शेवट गोड झालाच पाहिजे, गाण्यांत काय असे वाईट होत असते? रोषणाई, नर्तकांचा ताफा, नाच. पाहणाऱ्याला ठाऊक असते की हे खोटे आहे. तरीही पाय ठेका धरतो.

एखाद्या रविवारी हा चित्रपट पाहायचे मनात आणलेत तर दोन सूचना. लहान मुलांना दुसरीकडे गुंतवावे. मोठ्यांसाठीच ही गोष्ट आहे. आणि पहिल्या गाण्यात बाईचा आवाज ऐकून कुणी हसले तर हसू द्यावे, बंद मात्र करू नये. वर्गातल्या पांढऱ्या पियानोंपर्यंत थांबावे.